ईदचा चंद्र आणि सात अंशांची भानगड

रमजान जवळ आला की मोबाईलवर एक ठरलेला संदेश फिरू लागतो: बिग बँग कुराणात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे. आधाराला एकविसाव्या सूरहमधली (अध्यायातली) तिसावी आयत (वचन) असते. आकाश आणि पृथ्वी आधी जोडलेली होती, मग विलग केली गेली. पुष्पक विमानाचे संदेश वाचून मुरलेल्या आपल्याला यात नवं काही नाही. पण एडविन हबलने १९२९ साली दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने लांब जातात हे दाखवलं, त्याआधी या आयतीतून बिग बँगचा निष्कर्ष कुणी काढला नव्हता. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका लिहिण्यात काय हशील?

वाईट याचं वाटतं की या नादात कुराणामुळे खरोखर घडलेलं खगोलशास्त्र बाजूला पडतं. चंद्रकोरी म्हणजे लोकांसाठी आणि हजसाठी काळ मोजण्याचं साधन, असं दुसरी सूरह सांगते. नवव्या सूरहने वर्षाचे महिने बारा ठरवले आणि अधिक महिना घुसवायची जुनी अरबी चाल बंद केली. आपण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास टाकून चैत्राला वसंतात धरून ठेवतो. हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शिवाय महिना लागतो तो अमावास्येच्या क्षणी नव्हे, कोर डोळ्यांना दिसल्यावर. ढग असतील तर तीस दिवस पुरे करा, असं हदीस (पैगंबरांचं परंपरेने आलेलं वचन) सांगते.

अमावास्येचा क्षण काढणं त्या मानाने सोपं. कोर दिसेल की नाही हे सांगणं महाकठीण, आणि मला भुरळ पडते ती त्याचीच.

अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर सरकतो. अंतर सात अंश झालं की बिंबाचा जेमतेम ०.३७ टक्के भाग उजळलेला असतो. बिंबाचा व्यास सुमारे तीस कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), म्हणजे कोर मधोमध सातेक विकला रुंद. निरोगी डोळ्याला साधारण साठ विकलांपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. तरीही इतकी बारीक रेघ दिसू शकते, कारण तिथे डोळा रुंदी पाहत नाही, पोचलेला एकूण उजेड पाहतो. आता कोर टोकांकडे निमुळती होत शून्यावर येते. टोकांचा उजेड आधी कमी पडतो, आणि १८० अंश भरायला हवी ती कमान आखूड दिसते. कोर जितकी कोवळी, तितकी आखूड. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९३० च्या दशकात ही लांबी तपासली, तेव्हा सात अंशांच्या आसपास ती शून्य होते असं निघालं. दोष त्यांनी चंद्रावरच्या डोंगरांच्या सावल्यांना दिला. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की डोंगरांची गरजच नाही. उजेडच पुरत नाही.

त्यात कोर असते संधिप्रकाशात. आकाश काळवंडायची वाट पाहावी, तर चंद्र क्षितिजाजवळच्या दाट हवेत उतरतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड यॅलप यांच्या सूत्रानुसार सूर्यास्त ते चंद्रास्त या अवधीचे चार नवमांश उलटले की सर्वांत चांगली वेळ. अवधी ४५ मिनिटांचा असेल तर सूर्यास्तानंतर विसाव्या मिनिटाला. याशिवाय चंद्राचा पाच अंशांपर्यंतचा शर (क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या मार्गापासून, त्याचं अंतर), जवळपास एक अंशाचं लंबन (पाहणाऱ्याच्या जागेमुळे चंद्र सरकलेला दिसणं), क्रांतिवृत्ताचा क्षितिजाशी होणारा कोन, हे सगळं धरावं लागतं.

नवव्या शतकात गणिती अल-ख्वारिज्मीने बगदादसाठी कोर दिसण्याचं कोष्टक केलं. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवण्याचं काम खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिरकडे होतं. त्याचं चंद्रगतीचं प्रारूप आणि पुढे कोपर्निकसने मांडलेलं प्रारूप गणिताने एकच आहेत.

आणखी एक हदीस आपल्याकडेही वाचायला हवी. पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहीम गेला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, त्याच्याच मृत्यूमुळे. पैगंबरांनी सांगितलं की कुणाच्या जन्मा-मरणामुळे सूर्यचंद्राला ग्रहण लागत नाही. हे ग्रहण बहुधा २७ जानेवारी ६३२ चं. गरोदर बाईला ग्रहणात सुरी धरू न देणाऱ्या घरांत हे कधी पोचणार?

सौदीत ईद आज आणि आपल्याकडे उद्या, असं अनेकदा का होतं याचं उत्तरही त्याच अर्ध्या अंशात आहे. मक्केत सूर्य मुंबईनंतर सव्वादोनएक तासांनी मावळतो, तेवढ्यात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंशाहून थोडा जास्त सुटतो. मुंबईत अदृश्य असलेली कोर त्याच संध्याकाळी मक्केत दिसू शकते.

तुर्कस्तान गणितावरच दिनदर्शिका छापतं. इस्तंबूलच्या २०१६ च्या परिषदेने चंद्र-सूर्यात आठ अंश अंतर आणि चंद्राची क्षितिजावर पाच अंश उंची असा निकष सुचवला. इंडोनेशिया, मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर यांनी २०२१ मध्ये ६.४ आणि ३ अंश धरले. भारतात आजही चांद कमिट्या साक्षीदारांची वाट पाहतात. मात्र ज्या संध्याकाळी चंद्र सूर्याआधीच मावळला, त्या संध्याकाळची साक्ष गणिताच्या आधारे नाकारावी, हे मत आता बरेच उलेमाही (इस्लामी धर्मपंडितही) मान्य करतात.