वॉचमनने विचारलं, आई म्हणाली 'सोडा वर'

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलींचा घोळका भेळ खात वाद घालत होता. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर, म्हणजे थडग्यातून उठून माणसांचं रक्त पिणारं प्रेत, घरात येऊ शकत नाही. मग वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं आणि आई 'सोडा वर' म्हणाली, तर ते आमंत्रण धरायचं का? दुसरीचा प्रश्न, सेल्फीत तो दिसेल का? मला हे प्रश्न फार मोलाचे वाटतात. नियम जुळत नाहीत, कारण ते एका हातचे नाहीतच.

१७१८ च्या तहाने सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाकडे आला. तिथले गावकरी पुरलेली प्रेतं उकरून त्यांत खुंट्या ठोकतात, हे नव्या अंमलदारांनी पाहिलं आणि सरकारी शिस्तीने लिहून काढलं. १७२५ मध्ये किसिलयेवो गावच्या, मेल्यावर व्हॅम्पायर ठरवलेल्या पेटर ब्लागोयेविचची हकिकत व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात आली. १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य फ्ल्यूकिंगरचा अशाच प्रेतांवरचा अहवाल युरोपभर वाचला गेला. फुगलेली शरीरं, तोंडाशी ओलं रक्त, नव्याने वाढलेली नखं. प्रेत कुजताना पोटातला वायू रक्ताळलेला द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतो, कातडी आक्रसली की नखं लांब दिसतात, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या माणसांनी मात्र डोळ्यांना दिसलं त्याचाच अर्थ लावला होता. त्यांचा व्हॅम्पायर तांबूस, फुगीर शेतकरी होता. देखणा उमराव तो झाला १८१९ मध्ये, पॉलिडोरीच्या कथेत.

मुलींना अडवणारे बरेचसे नियम मात्र ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीने पक्के केले. साल १८९७, आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तेव्हा चार वर्षांचं होतं. त्यात नियम स्पष्ट आहे: पहिल्यांदा घरातल्याच कुणीतरी बोलवायला हवं, नंतर तो हवा तेव्हा येऊ शकतो. म्हणजे वॉचमनचं बोलणं चालणार नाही, आईचं चालेल. काउंट ड्रॅक्युलाकडे पाहुणा आलेल्या हार्करला दाढी करताना आरशात आपल्यामागे कुणीच दिसत नाही, आणि काउंट तर खांद्याशी उभा! यामागे आरशाची चांदी असल्याचं सांगतात, पण हे स्पष्टीकरण नंतरचं. स्टोकरच्या टिपणवहीत याहून पुढची कल्पना आहे: त्याचा फोटो काढला तर काळाकुट्ट येतो किंवा सांगाड्यासारखा. सेल्फीचं उत्तर तिथे आहे.

आणि ऊन? स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती घटते. उन्हाने मरण आलं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटातून. २००५ च्या 'ट्वायलाइट' कादंबरीत तेच ऊन लागून व्हॅम्पायर हिऱ्यासारखा चमकतो. मुलींचा गोंधळ इथे व्हायचाच.

हिशेबाची शंका तर मोठ्यांनाही आली. २००६ मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं: १६०० सालच्या जानेवारीत माणसं ५३,६८,७०,९११ आणि व्हॅम्पायर एक. प्रत्येकाने महिन्याला एकाला चावून आपल्यासारखं केलं, तर अडीच वर्षांच्या आत माणूस उरत नाही. वहीच्या मागच्या पानावर दुप्पट करत जा, २९ व्या महिन्याला शून्य येतं. नुसतं चावल्याने कुणी व्हॅम्पायर होत नाही, असा नियम पुष्कळ कादंबऱ्यांत असतो तो बरा, नाहीतर कथाच संपेल.

आपल्या वेताळालाही १८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने इंग्रजीत 'व्हॅम्पायर' करून टाकलं. मला ते पटत नाही. 'वेताळ पंचविशी'तला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाची राखण करतो म्हणून लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात.

घोळक्यातल्या ऐरोलीच्या मुलीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता: व्हॅम्पायरला वाहतं पाणी ओलांडता येत नाही, मग तो कळव्याच्या पुलावरून आमच्याकडे कसा येणार? स्टोकरने भरतीची आणि पाणी थांबतं त्या घटकेची सूट दिली आहे. आपली खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते. ती लगेच मोबाइलवर त्या रात्रीच्या भरतीची वेळ शोधायला लागली.