पार्श्वभूमी: एसआयपी कॅल्क्युलेटरमधील 12 टक्क्यांचा हिशेब

दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात गुंतवण्याच्या पद्धतीला एसआयपी म्हणतात. दरमहा 5,000 रुपये, मुदत 20 वर्षे आणि अपेक्षित परतावा 12 टक्के, एवढेच तीन आकडे दोन वेगवेगळ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरले, तर एका ठिकाणी सुमारे 49 लाख 96 हजार रुपये दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे 45 लाख 99 हजार. हप्ते सारखेच आहेत आणि दरही सारखाच आहे, तरीही जवळजवळ चार लाखांची तफावत पडते. दोन्हींचा गुणाकार बिनचूक असतो. फरक आहे तो ‘12 टक्के’ या शब्दांच्या अर्थात, आणि तो अर्थ कर्ज, ठेव आणि फंड अशा तीन निरनिराळ्या व्यवहारांतून या एकाच चौकटीत येऊन पडला आहे.

व्याजाचे गणित आपल्याकडे जुने आहे. 1150 च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त मुद्दल आणि व्याज एकत्र दिले असता ते वेगळे करण्याची उदाहरणे आहेत. हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही हा दंडक, मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानला होता. ऋणकोच्या रक्षणासाठी असलेला हा शब्द पुढे बचतीच्या जाहिरातीत आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 1988 मध्ये सुरू झालेले किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट होत असे. हे पत्र घेणाऱ्याला दर विचारावा लागत नसे, कारण मुदत हाच दर होता. चक्रवाढीने पाहिल्यास तो सुमारे 13.4 टक्के भरतो. 2014 मध्ये ही योजना पुन्हा आली तेव्हा दुप्पट होण्यास 100 महिने लागू लागले, म्हणजेच दर 8.7 टक्क्यांच्या आसपास आला होता.

त्या काळातला सामान्य माणसाचा कॅल्क्युलेटर म्हणजे पोस्टाच्या खिडकीशेजारी डकवलेला किंवा अल्पबचत एजंट बाईंच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला तक्ता. आवर्ती ठेवीचा तक्ता दरमहा 10 रुपयांच्या खात्यावर बेतलेला असे आणि बाकीचे गुणून काढायचे. व्याजदर 8.4 टक्के असताना त्या 10 रुपयांचे पाच वर्षांनी 746 रुपये 53 पैसे होत. हा आकडा तिमाही चक्रवाढीने काढलेला असतो. बँकांच्या मुदत ठेवींतही तीच रीत आहे, म्हणून 7 टक्क्यांची ठेव वर्षअखेरीस प्रत्यक्षात 7.19 टक्के देते. ठेवींच्या बाबतीत ही बाब कधी वादाची झाली नाही, कारण परत मिळणारी रक्कम पावतीवरच छापलेली असते.

कर्जाची रीत वेगळी होती. गृहकर्जे रुळू लागली तेव्हा अनेक संस्था वार्षिक शिलकीवर व्याज लावत, म्हणजे वर्षभर फेडलेले मुद्दल वर्ष संपल्यावरच खात्यातून कमी होई. पुढे मासिक घटती शिलकीची पद्धत रूढ झाली आणि वार्षिक दराला सरळ 12 ने भागून महिन्याचा दर काढण्याचा प्रघात पक्का झाला. 12 टक्के दर आणि 20 वर्षे मुदत असेल तर लाखाला 1,101 रुपये हप्ता, हे कर्ज देणाऱ्यांना तोंडपाठ असे. येथे 12 टक्के म्हणजे महिन्याला 1 टक्का हे कराराप्रमाणेच आहे, त्यामुळे आक्षेपाला जागा नाही.

अडचण सुरू झाली ती हेच सूत्र उलटे फिरवून गुंतवणुकीला लावल्यावर. 1993 नंतर खासगी म्युच्युअल फंड आले, 1995 मध्ये इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले झाले आणि आर्थिक संकेतस्थळांवर हप्त्याच्या कॅल्क्युलेटरशेजारी एसआयपीचा कॅल्क्युलेटर बसला. महिन्याला 1 टक्का वाढ धरली की वर्षाची वाढ 12 राहत नाही, ती 12.68 टक्के होते. एका वर्षात हा फरक नगण्य दिसतो, पण 20 वर्षांत त्याचेच चार लाख होतात. भांडवली बाजाराच्या नियामकांनी मात्र एक वर्षाहून अधिक काळाची फंडांची कामगिरी वार्षिक चक्रवाढ दरानेच दाखवण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे जाहिरातीतला 12 टक्क्यांचा फंड वर्षाला सरासरी 12 टक्क्यांच्या चक्रवाढीने वाढलेला असतो. त्याच जाहिरातीवरून 12 हा आकडा उचलून भागाकाराच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरणारा माणूस नकळत 12.68 टक्क्यांची अपेक्षा धरतो. हे टाळायचे तर महिन्याचा दर 1.12 चे बारावे मूळ घेऊन काढावा लागतो आणि तो 0.949 टक्के येतो. भागाकाराची बाजू घेणारे सांगतात की अपेक्षित दर हा मुळातच अंदाज आहे, तेव्हा दशांशाचा काथ्याकूट कशाला. हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. अंदाज अनिश्चित असतो, पण ‘द.सा.द.शे.’ या शब्दांना ठरलेला अर्थ असतो, आणि सूत्र कोणते वापरले हे पडद्यावर लिहायला एक ओळ पुरते.

‘परतावा’ या शब्दाचा गोंधळ याच्याही पलीकडे जातो. दरमहा 5,000 प्रमाणे वर्षभरात 60,000 भरले आणि वर्षअखेरीस 63,833 झाले, तर अनेकांना 6.4 टक्केच मिळाले असे वाटते. वास्तविक पहिला हप्ता बारा महिने आणि शेवटचा एकच महिना गुंतलेला असल्याने वार्षिक दर 12 टक्केच आहे. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून असा दर काढणारे एक्सआयआरआर हे सूत्र एक्सेलमध्ये आधी स्वतंत्र जोडणी करून घ्यावे लागे, 2007 च्या आवृत्तीपासून ते मूळ सूत्रांत आले. आज फंडाच्या ॲपवर ते आपसूक दिसते, पण त्याच्या शेजारी एकूण नफ्याची टक्केवारीही असते आणि दोन्हींना बोलताना ‘रिटर्न’च म्हणतात.

विमा क्षेत्राने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. हमी नसलेल्या लाभांचे चित्र रंगवताना कंपन्यांनी आधी 6 आणि 10 टक्के, तर 2013 च्या नियमांनंतर 4 आणि 8 टक्के असे दोनच दर वापरायचे, असे ठरले. त्यामुळे निदान दोन पॉलिसींची तुलना एकाच पायावर होऊ लागली. एसआयपीच्या अनेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये मात्र दराची सरकपट्टी ग्राहकाच्या बोटाखाली असते आणि ती 15 वर नेली तरी कोणी अडवत नाही.

2009 मध्ये फंडात पैसे भरताना कापले जाणारे प्रवेश शुल्क बंद झाले, 2013 पासून मध्यस्थाविना घेता येणाऱ्या थेट योजना आल्या आणि मध्यस्थाची जागा बऱ्याच घरांत फोनने घेतली. एसआयपीची मासिक आवक सप्टेंबर 2021 मध्ये 10 हजार कोटींच्या आणि एप्रिल 2024 मध्ये 20 हजार कोटींच्या पुढे गेली. पूर्वी तक्ता दाखवणाऱ्या बाईंना शंका विचारता येत असे. आता मुलीचे शिक्षण किंवा निवृत्ती यांचे लक्ष्य याच चौकटीतल्या आकड्यावरून ठरते, म्हणून त्या आकड्यातून काय वगळले आहे ते पाहावे लागते. जुलै 2024 पासून समभाग फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर 12.5 टक्के कर आहे. वरील 45 लाख 99 हजारांची रक्कम एकाच वर्षात काढली, तर उपकर आणि शेवटच्या वर्षातील हप्त्यांवरचा अल्पकालीन कर बाजूला ठेवूनही सुमारे 4 लाख 9 हजार जातात आणि हाती 41 लाख 90 हजार उरतात. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर त्या रकमेची आजची किंमत 13 लाखांच्या आसपास येते.