बाटलीवर वाणाचे नाव कसे आले

कॅबरने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाच्या वाइनबरोबर भाजलेले मांस, शार्दने या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनबरोबर मासे... असे सल्ले आज इतके सर्रास मिळतात की ही रीत वाइनइतकीच जुनी असेल असे वाटते. जॉर्जियात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून द्राक्षाची वाइन सुमारे ८००० वर्षांपूर्वीची ठरते. द्राक्षाचे नाव वाचून बाटली निवडण्याची सवय मात्र मुख्यतः विसाव्या शतकातली.

त्याआधी वाइन ओळखली जायची ती गावावरून, प्रदेशावरून: फ्रान्समधले बोर्दो, शाब्ली, शँपेन. वाणाची काळजी बागाईतदाराने करायची. कधीकधी राज्यकर्तेही त्यात लक्ष घालत. फ्रान्समधल्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये भरघोस पिकणाऱ्या गामे वाणाची झाडे उपटायला लावली आणि पिनो या वाणाचा मार्ग मोकळा केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर तिथले उत्पादक आपल्या मालाला 'बर्गंडी', 'शाब्ली' अशी उसनी नावे देत राहिले. ज्या द्राक्षाची वाइन, त्याचेच नाव बाटलीवर लिहा, असा आग्रह तेव्हा फ्रँक स्कूनमेकर या व्यापारी-लेखकाने धरला.

एका पदार्थाला एक वाइन, ही कल्पना वाढण्याच्या पद्धतीमुळे बळावली. युरोपातल्या श्रीमंती मेजवान्यांत पूर्वी अनेक पदार्थ एकदमच मांडले जात. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ आणण्याची 'रशियन' पद्धत रुजली आणि प्रत्येक पदार्थागणिक पेला बदलणे सोयीचे झाले.

नाव चुकले तर चव कशी चुकते, हे मला सर्वांत जास्त पटते ते कार्मेनेर या द्राक्षाच्या उदाहरणावरून. हा बोर्दोचा वाण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याची कलमे चिलीत गेली. पुढे फिलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड युरोपात पसरली. अमेरिकी खुंटांवर कलम बांधून बागा वाचल्या, पण नव्या लागवडीत बोर्दोने कार्मेनेरला जवळपास सोडूनच दिले. चिलीत तो मर्लो या दुसऱ्या वाणाच्या ओळींत मिसळून, मर्लो म्हणूनच वाढत राहिला. तो मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकतो. दोन्हींची तोडणी एकदम झाली की वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा वास येई. १९९४ मध्ये जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच वाणतज्ज्ञाने त्याला ओळखले.

नंतर डीएनए चाचण्यांनी अनेक घराण्यांच्या कुळकथा उलगडल्या. कॅबरने सोव्हिन्यों हा काळा वाण, पण १९९७ मध्ये कळले की कॅबरने फ्राँबरोबर त्याचा दुसरा पालक सोव्हिन्यों ब्लाँ हा पांढरा वाण आहे. शार्दनेच्या वंशात तर पिनोच्या जोडीला ग्वे ब्लाँ निघाला, एकेकाळी हलक्या प्रतीचा मानलेला वाण!

जोड्यांमागची कारणेही आता कळू लागली आहेत. लाल वाइनमधले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून जीभ कोरडी पडते. मांसातली प्रथिने आणि चरबी तो तुरटपणा सौम्य करतात. माशांबरोबर लाल वाइन नको, या जुन्या नियमाचे एक कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले: वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो. लोह कमी असलेल्या लाल वाइनने तसे झाले नाही. आणि हे लोह माती, धूळ, यंत्रे अशा अनेक वाटांनी येते; लेबलवरच्या वाणाच्या नावावरून त्याचा अंदाज येत नाही.