५३७ मतं आणि न घडलेली अमेरिका

डावीकडच्या पानावर पहिलं नाव जॉर्ज बुश, त्याखाली अल गोर. उजवीकडच्या पानावर सगळ्यांत वर पॅट ब्युकॅनन. दोन पानांच्या मधोमध भोकांची एकच उभी रांग. बुश यांना मत द्यायचं तर पहिलं भोक पाडायचं. गोर यांचं नाव दुसरं असलं, तरी त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक पलीकडच्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं.

७ नोव्हेंबर २००० रोजी फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मतदारांपुढे आलेली मतपत्रिका ही अशी होती. उघड्या पंखांसारखी दिसते म्हणून तिला फुलपाखरी मतपत्रिका म्हणतात. हेतू चांगला होता. राष्ट्राध्यक्षपदाचे दहा उमेदवार एका पानावर बसवायचे तर अक्षर बारीक करावं लागलं असतं, आणि या भागात निवृत्त, वयस्क मतदार पुष्कळ. अक्षर मोठं राहावं म्हणून नावं दोन पानांवर गेली.

फ्लोरिडात अधिकृत निकाल लागला तेव्हा बुश यांना २९,१२,७९० आणि गोर यांना २९,१२,२५३ मतं होती. फरक ५३७ मतांचा. देशभरात मिळून गोर यांना सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त होती. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचकांच्या मतांवर, आणि फ्लोरिडाची २५ निर्वाचक मतं ज्याच्या पारड्यात पडतील तो जिंकणार अशी स्थिती होती. ती बुश यांना मिळाली आणि ते २७१ विरुद्ध २६६ असे निवडून आले.

‘इतिहासात जर-तरला अर्थ नसतो’ हे वाक्य आपण सगळे ऐकत आलो आहोत. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं म्हणून आपण विषय मिटवतो. तरीही पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, हे मनात आलं नाही असा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. आणि विज्ञानाचं तर जर-तरवाचून चालतच नाही. गोळी घेतली आणि ताप उतरला. पण घेतली नसती तर उतरला नसता का? हे कळल्याशिवाय गोळीचा गुण सांगता येत नाही. अडचण अशी की त्याच माणसाने त्याच वेळी गोळी घेतली आणि घेतली नाही, असं होऊ शकत नाही. दोन शक्यतांपैकी एकच डोळ्यांना दिसते. न दिसलेली दुसरी अंदाजाने उभी करावी लागते, आणि तो अंदाज किती भक्कम आहे हे तपासण्याच्या रीती संख्याशास्त्राने कष्टाने घडवल्या आहेत. फ्लोरिडाचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यामुळे. इथे काही जर-तर जवळजवळ सिद्ध करता येतात, आणि काही हाताला लागतच नाहीत.

पाम बीचमध्ये ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. हा आकडा लगेच खटकला. काउंटी गोर यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेली, ज्यू वस्ती मोठी, आणि ब्युकॅनन कडवे उजवे. ही बहुतेक मतं आपली नसावीत, असं खुद्द ब्युकॅनन यांनीच टीव्हीवर मान्य केलं. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे. तिथे त्यांचे समर्थक खरोखरच जास्त असतील तर?

वॉल्टर मीबेन, जसजीत सेखोन, हेन्री ब्रॅडी हे राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शंकेचा पाठपुरावा केला. त्यांना एक नैसर्गिक प्रयोग आयता मिळाला होता: टपालाने मत देणाऱ्यांची मतपत्रिका फुलपाखरी नव्हती. काउंटी तीच, उमेदवार तेच, कागद तेवढा वेगळा. टपाली मतांत ब्युकॅनन यांचा वाटा हजारी दोनच्या आसपास निघाला. मतदान केंद्रांवर तो हजारी साडेआठ होता, म्हणजे चौपट.

यावरही आक्षेप येतोच. टपालाने मत देणारी माणसंच वेगळ्या विचारांची असतील. म्हणून त्यांनी फ्लोरिडाच्या इतर काउंट्या पाहिल्या. टपाली आणि प्रत्यक्ष मतांत असा फरक एकाही काउंटीत दिसला नाही. मग त्यांनी मतपत्रिकाच तपासल्या. त्याच कार्डावर सिनेटच्या जागेसाठीही मत होतं. पाम बीचमध्ये केंद्रावर जाऊन ब्युकॅनन यांचं भोक पाडणाऱ्या अनेकांनी सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला होता. ब्युकॅनन यांचा खरा समर्थक सहसा असं करत नाही. एकेक पळवाट अशी बंद करत ते निष्कर्षापर्यंत पोचले: गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या २,००० हून अधिक मतदारांचं मत चुकून ब्युकॅनन यांना गेलं. हा निबंध डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला.

२,००० आणि ५३७. पहिलं जर-तर इथेच सुटतं. पाम बीचला साधी, एकपानी मतपत्रिका असती तर गोर राष्ट्राध्यक्ष झाले असते. इतिहासातल्या इतक्या मोठ्या प्रश्नाचं इतकं पक्कं उत्तर क्वचित मिळतं. यात दोनदा भोकं पाडल्याने बाद झालेली मतं धरलेलीच नाहीत. एकट्या पाम बीचमध्ये ती १९ हजारांहून अधिक होती, आणि त्यांतल्या ५,३०० च्या आसपास कार्डांवर गोर आणि ब्युकॅनन या दोघांची भोकं पाडलेली होती.

दुसरं जर-तर लोकांच्या जास्त तोंडी आहे: सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली नसती तर? ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर हाताने फेरमोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली आणि १२ तारखेला ५ विरुद्ध ४ मतांनी प्रकरण संपवलं. मोजणीचे निकष काउंटीगणिक वेगळे, हे त्यामागचं एक प्रमुख कारण.

त्या निकषांचं मूळ एका टिकलीत होतं. कार्डावर आधीच कोरून ठेवलेल्या चौकोनी टिकल्या असायच्या. मतदाराने दाभणासारख्या टोच्याने दाबलं की टिकली निसटून पडायची. काही मात्र एका कोपऱ्याने लोंबत राहायच्या, आणि काहींवर नुसती खळी उमटायची. यंत्राला यातलं बरंच दिसत नसे. मग खळी म्हणजे मत धरायचं का? अधिकारी भिंगातून एकेक कार्ड उजेडात धरून पाहत होते.

फ्लोरिडात यंत्राने न मोजलेली किंवा बाद ठरवलेली अशी १,७५,०१० मतं होती. विजयी आघाडीच्या सवातीनशे पटींहून जास्त. ५३७ हा फरक दर लाख मतांमागे ९ मतांचा, आणि मोजणीतून निसटलेली मतं लाखामागे जवळजवळ तीन हजार. भाजीच्या तराजूत सोनं तोलावं तसं हे होतं. काटा कुठेतरी थांबतो, पण तो वजन सांगत नसतो. मतदानाच्याच रात्री व्होल्युशिया काउंटीत संगणकीय बिघाडामुळे गोर यांच्या खात्यावर चक्क उणे १६,०२२ मतं लागली होती. ती चूक पकडली गेली, कारण उणे मत असू शकत नाही हे कुणालाही कळतं. आकडा अधिक असता तर?

मोठी वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था एकत्र आल्या. शिकागो विद्यापीठाशी संलग्न ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेकडून त्यांनी ही सगळी कार्डं एकेक करून नोंदवून घेतली. निष्कर्ष नोव्हेंबर २००१ मध्ये आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंना चकवलं. गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची फेरमोजणी पूर्ण झाली असती तरी बुश २२५ मतांनी पुढे राहिले असते. फ्लोरिडाच्या न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे फक्त न उमटलेली मतं मोजली असती तरी बुशच, चारशेहून अधिक मतांनी. पण राज्यातली सगळी बाद मतं, दुहेरी ठरवलेलीसुद्धा, तपासली असती तर निकषाप्रमाणे गोर ६० ते १७१ मतांनी जिंकले असते. कारण काही मतदारांनी गोर यांचं भोक पाडून वर त्यांचं नावही हाताने लिहिलं होतं. यंत्राला ती दोन मतं वाटली. माणसाला इच्छा स्वच्छ दिसते. हे सर्वंकष मोजमाप गोर यांच्या वकिलांनीही आग्रहाने मागितलं नव्हतं. मला हे फार चटका लावणारं वाटतं.

आता पुढचं पाऊल. समजा, कागद साधा होता, आणि २० जानेवारी २००१ रोजी शपथ गोर यांनी घेतली. मग?

जर-तर मांडताना एक शिस्त पाळावी लागते: एकच गोष्ट बदलायची, बाकीचं जग होतं तसंच ठेवायचं. ती पाळली की स्वप्नरंजनाला लगेच चाप बसतो. गोर यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे जोडीदार जो लिबरमन त्याच दिवशी कनेक्टिकटमधून सिनेटवरही निवडून आले होते. सिनेट ५०-५० अशी दुभंगलेली. लिबरमन उपराष्ट्राध्यक्ष झाले असते तर त्यांची जागा रिकामी होऊन ती भरण्याचा अधिकार कनेक्टिकटच्या गव्हर्नरकडे गेला असता, आणि ते बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. म्हणजे गोर जिंकताच सिनेट विरोधकांच्या हाती, बहुधा ५१-४९. प्रतिनिधीगृह आधीच त्यांच्याकडे होतं.

हवामानाचंही तसंच. बुश यांनी मार्च २००१ मध्ये हवामानबदल रोखण्यासाठीचा क्योटो करार नाकारला, म्हणून गोर आले असते तर अमेरिका त्यात असती, असं सर्रास म्हटलं जातं. पण कराराला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार नको, असा ठराव जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी झाला होता. क्योटोला मंजुरी गोर यांच्याही आवाक्याबाहेर होती. धोरणाचा सूर बदलला असता, एवढंच म्हणवतं.

११ सप्टेंबरचा कट निवडणुकीआधीच शिजत होता. मतमोजणीचा गोंधळ चालू असताना हल्लेखोरांपैकी दोघे फ्लोरिडातल्याच व्हेनिस शहरात विमान चालवायला शिकत होते. मतपत्रिका बदलून ते बदलत नाही. अफगाणिस्तानवर कारवाई बहुधा झालीच असती. इराकबद्दल मात्र पुरावे दोन दिशांना ओढतात. सप्टेंबर २००२ मध्ये गोर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या भाषणात युद्धाच्या घाईला जाहीर विरोध केला. दुसरीकडे, १९९१ च्या आखाती युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या डेमोक्रॅट सिनेटरांत ते होते, आणि सद्दाम यांची राजवट हटवण्याला पाठिंबा देणारा कायदा ते उपराष्ट्राध्यक्ष असतानाच, १९९८ मध्ये झाला होता. २००३ चं युद्ध तसंच झालं नसतं असं मला वाटतं. पण हे ‘वाटणं’ आहे. पाम बीचच्या दोन हजार मतांसारखं ते मोजून दाखवता येत नाही.

१९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाचं एक गणित संगणकाला मधूनच पुन्हा चालवायला दिलं. ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. हळूहळू फट पडली, आणि दोन-एक महिन्यांच्या काल्पनिक हवामानानंतर त्यांच्यात काही साम्यच उरलं नाही. इतिहासाचंही असंच असावं. फाट्याजवळची वळणं दिसतात. पुढे वाटा इतक्या लवकर पांगतात की नकाशाच हरवतो.

याचं एक उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. पृथ्वीची सूर्यप्रकाशात उजळलेली संपूर्ण बाजू सतत टिपणारा उपग्रह हवा, ही कल्पना १९९८ मध्ये गोर यांनी मांडली. ‘ट्रायाना’ नावाचा तो उपग्रह बांधला गेला. पृथ्वी किती ऊर्जा अवकाशात परत पाठवते हे तो १५ लाख किलोमीटरवरून मोजणार होता. २००१ मध्ये बुश सरकार आलं आणि प्रकल्प बाजूला पडला. ट्रायानाचं नियोजित उड्डाण होतं एसटीएस-१०७, म्हणजे कोलंबिया यानाची तीच मोहीम, जिच्यात १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले.

अपघाताचं मूळ उड्डाणातच होतं: त्यानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. ट्रायाना पोटात असता तर मोहीम वेगळी, तारीख वेगळी, हवा वेगळी. फोम आधीच्या उड्डाणांतही सुटत असे, त्यामुळे धोका होताच. पण तोच तुकडा, त्याच क्षणी, त्याच जागी? गोर राष्ट्राध्यक्ष असते तर कल्पना परतल्या असत्या, असं म्हणायचा मोह होतो. मी ते म्हणू शकत नाही. ते नाकारूही शकत नाही.

उपग्रह नासाच्या गोडार्ड केंद्रात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेला होता. अखेर ११ फेब्रुवारी २०१५ रोजी तो ‘डिस्कव्हर’ या नव्या नावाने गेला, आणि त्या जुलैमध्ये त्याने टिपलेली सबंध पृथ्वी जगाने पाहिली. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांची, त्या जागेवरून घेतलेली पृथ्वीची छायाचित्रं कुठेच नाहीत.