फिकट गुलाबी पेल्याची चौकशी

पहिल्यांदा घरी स्ट्रॉबेरीचं कॉकटेल केलं तेव्हा मी सगळं एकदमच मिक्सरमध्ये टाकलं. फळं, साखर, जिन आणि वर मूठभर बर्फ. झाकण दाबून बटण फिरवलं, ग्लासात ओतलं, सोडा घातला. समोर आलं ते आम्लपित्तावरच्या गुलाबी औषधासारखं दिसत होतं. वर दोन बोटं फेस, खाली पाणचट द्रव. चव ना धड गोड, ना आंबट, आणि स्ट्रॉबेरीचा वास तर शोधावा लागत होता. साहजिकच मी फळाला नावं ठेवली. हल्ली फळांत काही राम राहिला नाही, वगैरे.

फळाचा त्यात फारसा दोष नव्हता. त्या ग्लासात चार-पाच गोष्टी एकाच वेळी बिघडल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक मी शाळेत शिकून, परीक्षेनंतर साफ विसरलेल्या होत्या.

आधी रंगाचं बघू. साबणाचं पाणी पारदर्शक असतं, पण त्याचा फेस पांढरा दिसतो. फेसातल्या प्रत्येक बुडबुड्यावर प्रकाश वळतो, परततो, पुन्हा दुसऱ्या बुडबुड्यावर आदळतो, आणि शेवटी सगळे रंग सारखेच विखुरले गेल्यामुळे डोळ्याला पांढरं दिसतं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि रसात बारीक हवा कोंबतं. लाल रसात पांढरा फेस मिसळला की गुलाबीच होणार. शिवाय तीच हवा फळातल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना, ऑक्सिजन पुरवते, आणि चिरलेलं सफरचंद ज्या क्रियेनं तपकिरी पडतं तीच इथेही सुरू होते. त्यात बर्फाचा भुगा झालेला. खडा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि वितळणं वेगवान. म्हणजे मी रसात हवाही घातली आणि पाणीही.

स्ट्रॉबेरी हे तसं फसवं फळ आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती 'बेरी' नाहीच. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड, पुष्पासन. खरी फळं म्हणजे त्यावर टोचल्यासारखे दिसणारे पिवळट दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी हे इवल्या इवल्या आठळीच्या फळांचे घोस आहेत. ब्लूबेरी नियमात बसते, पण त्या नियमात टोमॅटो आणि केळंही बसतं. आणि जिनला जिचा वास असतो ती ज्युनिपरची 'बेरी' तर फळही नाही. ती पाइनच्या नातलग झाडाचा मांसल शंकू आहे. तेव्हा बेरींचं कॉकटेल म्हणून आपण जे पितो त्यात बेरी औषधालाही नसण्याची शक्यता बरीच आहे.

आज सगळीकडे पिकते ती मोठी स्ट्रॉबेरी मुळात निसर्गात नव्हती. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीतल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता. १७१४ साली परत येताना त्यानं तिथल्या मोठ्या स्ट्रॉबेरीची रोपं आणली. (फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात, आडनावानं असं काम क्वचितच केलं असेल.) रोपं सगळी मादी निघाली आणि नुसतीच वाढत बसली. पुढे त्यांच्याजवळ उत्तर अमेरिकेतली लहान पण सुगंधी जात लावली गेली, तिच्या परागांनी फळं धरली, आणि दोन खंडांतल्या जातींचा संकर युरोपातल्या बागांमध्ये झाला. हे कोडं १७६६ मध्ये ड्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं उलगडलं. या संकराच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ५६.

कॉकटेलसाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की ही फळं तोडल्यावर पिकत नाहीत. केळं घरी आणून पिकवता येतं. स्ट्रॉबेरी ठेवून ठेवून मऊ पडेल, लालही होईल, पण झाडाकडून मिळायची ती साखर आता मिळणार नाही. म्हणून रंग बघून घेऊ नका, नाक लावा. देठाजवळ पांढरा पट्टा असेल तर तोडायची घाई झाली आहे. त्या वासात शेकडो संयुगं असतात. जळत आलेल्या साखरेसारखा गोड वास देणारं फ्युरॅनिऑल आणि फळांचा ताजेपणा देणारी एस्टर वर्गातली संयुगं ही त्यातली मुख्य. ती उडून जाणारी आहेत, म्हणून फळ उकळून पाक करायला मी विरोधच करतो. उकळताना घरभर छान वास सुटतो खरा, पण तो भांड्यातून गेलेला असतो. शिवाय आम्ल, साखर आणि उष्णता एकत्र आली की फळातलं पेक्टिन घट्ट होऊ लागतं आणि आपण जॅमच्या वाटेला लागतो.

आच न देता रस काढायचा तर साखर पुरेशी आहे. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पण ते पेशींच्या पटलाआड कोंडलेलं असतं. फोडींवर साखर भुरभुरली की कापलेल्या भागावरच्या ओलाव्यात ती विरघळते आणि फळाबाहेर दाट द्रावण तयार होतं. पटलातून पाणी सहज जातं, साखर सहजी जात नाही. त्यामुळे पाणी पातळाकडून दाटाकडे, म्हणजे बाहेर येतं. हेच ते परासरण. पेशी पाणी गमावून ढिल्या पडतात, पटलं फाटतात आणि मग रंग आणि वासही मागोमाग बाहेर पडतात. पाव किलो फोडींना ६० ग्रॅम साखर लावून झाकून ठेवा. दोन तासांनी बरणीच्या तळाशी माणकासारखा रस जमलेला असतो. ना मिक्सर, ना आच.

घाई असेल तर फळं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये टाका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, बर्फाचे अणकुचीदार स्फटिक पेशीभित्तिका फोडतात आणि वितळल्यावर फळ स्वतःहून रस सोडतं. गोठवलेलं फळ खायला लिबलिबीत लागतं म्हणून लोक नाक मुरडतात; इथे तोच गुण आहे. ब्लूबेरीला तर हे करावंच, कारण तिच्या मेणचट सालीवर साखरेचं फारसं चालत नाही. किंवा मग ती चमच्यानं हलकेच चेचावी. हलकेच. पुदिना घालणार असाल तर त्याला आणखी हलक्या हातानं दाबा, कारण त्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. पान कुटून फक्त कडूपणा आणि हिरवा चिखल हाती लागतो.

आता लिंबू. मी पहिल्या ग्लासात ते घातलंच नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. बेरींचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. ही रंगद्रव्यं आम्लता बघून रेणूची रचना बदलतात. सामू (पीएच, आम्लता मोजायचं माप; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ३ च्या खाली असेल तर लाल, ४ ते ५ च्या आसपास बरेचसे रेणू चक्क बिनरंगी, उदासीन द्रावणात जांभळट, आणि आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट, बाजूला निळे-हिरवे. स्ट्रॉबेरीचा सामू साधारण साडेतीनच्या आसपास असतो, म्हणजे ती बिनरंगी होण्याच्या उंबरठ्यावरच उभी असते. त्यात वितळलेलं पाणी आणि सोडा पडला की सामू वर सरकतो आणि रंग नुसता पातळ होत नाही, काही प्रमाणात नाहीसाच होतो. काही सोड्यांमध्ये बायकार्बोनेटही असतं, म्हणजे आणखी भर. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच असतो. फिकट पडलेल्या ग्लासात तो पिळून बघा: हरवलेला लाल परत येतो.

हा खेळ जुना आहे. रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञानं १६६४ मध्ये रंगांवरच्या आपल्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सिरपची हकिकत दिली आहे: आम्लानं लाल, आम्लारीनं हिरवं. घरी करायचं तर ब्लूबेरीच्या रसाचे तीन छोटे ग्लास घ्या, एकात लिंबू पिळा, एकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, एक तसाच ठेवा. सोड्याचा ग्लास मात्र पिऊ नका. अपाय म्हणून नव्हे, साबणासारखा लागतो म्हणून.

मद्याचं काम नशेपलीकडेही असतं. इथेनॉलच्या, म्हणजे मद्यातल्या अल्कोहोलच्या, रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं आणि दुसरं तेलकट संयुगांशी, त्यामुळे पाण्यात नीट न उतरणारे वास त्यात उतरतात. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल मिसळलं तर १०० नव्हे, साधारण ९६-९७ मिलिलिटरच भरतं, इतके ते रेणू एकमेकांत दाटून बसतात. आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हचा १८६५ चा प्रबंध याच विषयावर होता. (त्यानं व्होडकातलं ४० टक्के प्रमाण ठरवलं, ही मात्र दंतकथा.) पण जे मद्य वास धरतं ते सहजी सोडत नाही. थोडं पाणी मिसळलं की त्याची पकड सैल होते आणि सुगंध नाकाशी येतो. म्हणजे बर्फाचं पाणी शत्रू नाही. ते किती, हा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञानं देऊन ठेवलं आहे. १७६१ च्या सुमारास ग्लासगोत शिकवताना त्याच्या लक्षात आलं, की बर्फ वितळत असताना उष्णता घेत राहतो, पण त्याचं तापमान वाढत नाही. तसं नसतं तर हिवाळा संपताच सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते, असा त्याचा युक्तिवाद होता. हीच अप्रकट उष्मा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. फ्रीझरमधला उणे १८ अंशांचा बर्फ शून्याला येईपर्यंत जेमतेम ९ कॅलरी शोषतो. म्हणजे पेय गार करायचं बहुतेक काम बर्फाचं वितळणंच करतं. १०० ग्रॅम पेय २५ अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे २५०० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणून ३० ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळणारच. पाणी नको आणि गारवा हवा, असं बर्फाशी जमत नाही.

मोठे खडे घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की पेय शून्याच्याही खाली जातं, कारण मद्यमिश्रित पाण्यात बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि लागणारी उष्णता पेयातूनच ओढतो. त्यानंतर कितीही हलवलं तरी फारसा फरक पडत नाही. हात मात्र दुखतो.

इतक्या गार पेयात गोडवा दबतो, हे आइस्क्रीम वितळल्यावर खाल्लेल्या कुणालाही ठाऊक आहे. वितळलेलं असह्य गोड लागतं. जिभेच्या गोड चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाची आयनमार्गिका (विद्युतभारित कणांना पेशीत येऊ देणारी वाट) असते आणि १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तशी ती जोमानं काम करते, असं २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून बर्फ घालण्याआधी चाखून बघाल तेव्हा मिश्रण थोडं जास्तच गोड आणि जास्तच आंबट लागलं पाहिजे.

राहिला सोडा, आणि इथेही ब्लॅक भेटतो, कारण कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखला तो त्यानंच. १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञाच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर साठणारा हा वायू त्यानं पाण्यात मिसळला आणि पिऊन बघितला. थंड पाण्यात हा वायू जास्त मावतो: शून्य अंशाला एका लिटरमध्ये सुमारे १.७ लिटर, २० अंशांना त्याच्या जवळपास निम्मा. म्हणून सोडा आधी गार करा, शेवटी ओता आणि ढवळू नका. ती झणझण बुडबुडे फुटल्यामुळे होते असं वाटतं, पण दाब वाढवून बुडबुडे होऊच दिले नाहीत तरी ती लागते. जिभेवरचं एक विकर वायूचं आम्ल करतं, आणि झणझण त्या आम्लाची असते. विरळ हवेचा त्रास टाळायला असिटाझोलामाइड घेणाऱ्या गिर्यारोहकांना बिअर बेचव लागते, कारण ते औषध नेमकं हेच विकर रोखतं.

तर माझा आताचा ग्लास असा: साखरेत मुरलेल्या स्ट्रॉबेरीचा ४० मिलिलिटर रस, २० मिलिलिटर लिंबू, ४५ मिलिलिटर जिन. बर्फासह झाकणाच्या बरणीत हलवून नव्या बर्फावर गाळायचं, वर ९० मिलिलिटर सोडा. एक-दोन रास्पबेरी टाकल्या तर त्यांच्या लवीवर बुडबुड्यांच्या माळा चढतात. जिन मापानंच घाला. एवढ्यातच १४ ग्रॅम इथेनॉल असतं, आणि गोड, गार, आंबट पेयात ते जिभेला कळत नाही. मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

न पिणाऱ्यांसाठी साखरेच्या बरणीत उरलेल्या फोडींवर त्या बुडतील इतकं सफरचंदाचं व्हिनेगर ओता आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून गाळा. जिनमुळे येणारी धार इथे व्हिनेगरनं येते. या प्रकाराला इंग्रजीत 'श्रब' म्हणतात. तो शब्द 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. सिरप त्यातूनच आलं, सरबतही, आणि शराबसुद्धा. एका ग्लासाला दोन चमचे श्रब पुरतं, वर गार सोडा.