सव्वाचार दिवसांचं वर्ष

पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे चटकन सापडतात. त्यांच्या साधारण मध्यावर, जरा पश्चिमेला एक मंद तारा आहे, ५१ पेगासी. गावाकडच्या काळोख्या रात्री तीक्ष्ण नजरेला तो नुसता दिसतो. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पहिल्यांदा पक्का सापडला तो इथे, १९९५ साली.

तो शोधणारे जिनिव्हाचे खगोलशास्त्रज्ञ मिशेल मायोर मुळात ग्रहांच्या मागे नव्हतेच. त्यांना ताऱ्यांचे वेग मोजायचे होते. ताऱ्याच्या वर्णपटात हजारो काळ्या रेषा असतात. तारा जवळ येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, लांब जात असेल तर तांबड्या. त्यांच्या 'कोरावेल' उपकरणात या रेषांच्या जागी बारीक फटी असलेली काचपट्टी होती. सगळ्या रेषा फटींवर बसल्या की पलीकडे येणारा प्रकाश एकदम घटतो. पट्टीची ती जागा म्हणजेच ताऱ्याचा वेग! केंब्रिजच्या रॉजर ग्रिफिन यांनी आधी वापरलेली ही युक्ती मला आजही थक्क करते. पण चूक सेकंदाला ३०० मीटरपर्यंत व्हायची, आणि ग्रहाच्या ओढीनं ताराही थोडा पुढेमागे हलत असला, तरी गुरूसारखा ग्रहसुद्धा सूर्याला हलवतो तो सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटरनी.

म्हणून दक्षिण फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत 'एलोडी' हे नवं उपकरण आलं. ताऱ्याचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून आणायचा आणि त्याच वेळी शेजारी थोरियमच्या दिव्याच्या रेषाही टिपायच्या. उपकरण स्वतःच किंचित सरकलं तर ते दिव्यावरून कळतं आणि वजा करता येतं. अचूकता १३ मीटरवर आली.

१९९४-९५ च्या हिवाळ्यात मायोर यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या दिदिए केलॉ यांना ५१ पेगासीचा वेग सारखा बदलताना दिसला. आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक आहे, असं वाटून ते घाबरले. कारण आकडे सांगत होते, की ग्रह किमान अर्ध्या गुरूएवढा आहे आणि त्याची प्रदक्षिणा अवघ्या ४.२३ दिवसांची. आपल्या गुरूला १२ वर्षं लागतात! ताऱ्याच्या इतक्या जवळ असा ग्रह असेल, अशी अपेक्षा जवळपास कुणालाच नव्हती. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ मध्येच ही शक्यता लिहून ठेवली होती, पण तिकडे फारसं कुणी वळलं नाही.

तोवर तारा सूर्याआड गेला. दोघांनी घाई केली नाही, आणि मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं. पुढचे वेग आधीच मांडून ठेवले आणि जुलैची वाट पाहिली. जुलैत तारा परत दिसू लागला, तेव्हा आकडे तंतोतंत जुळले. ६ ऑक्टोबरला फ्लॉरेन्समध्ये घोषणा झाली आणि काही दिवसांतच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेनं दुजोरा दिला.

मायोर थांबले नाहीत. २००३ मध्ये चिलीत त्यांच्या गटाचं 'हार्प्स' सुरू झालं. त्याची अचूकता सेकंदाला सुमारे १ मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढी. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पृथ्वी सूर्याला हलवते ती सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटरनी. चिलीतल्याच 'एस्प्रेसो' या उपकरणाचं लक्ष्य साधारण तिथवर पोचण्याचं आहे.