एचआयव्ही उपचार व प्रतिबंधाचे अर्थकारण (सोलापूर)

एचआयव्हीची तपासणी, औषधोपचार आणि नवी लागण रोखण्याचे उपाय यांवर किती खर्च होतो, तो कोण सोसतो आणि त्यातून काय वाचते, याचा विचार. औषध आयुष्यभर घ्यावे लागते. त्यामुळे एक लागण टळली की कित्येक वर्षांचा खर्च टळतो. पण न झालेली लागण कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही, म्हणून काटकसरीची कात्री प्रतिबंधावर लवकर चालते.

२००० च्या सुमारास तीन औषधांच्या मिश्रोपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे. त्याच बळावर २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने हा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारा हाच औषधोपचार) सुरू झाली. २०१७ पासून निदान होताच, सीडी-४ पेशींची (एचआयव्ही नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची) संख्या न पाहता औषध देण्याचे धोरण आले. यामागे हिशेबही आहे: एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय अभ्यासाच्या २०११ मधल्या निष्कर्षांत लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. म्हणजे गोळ्यांवरचा रुपया प्रतिबंधाच्या खात्यातही जमा होतो.

सोलापुरात 'सिव्हिल'मध्ये गोळी फुकट मिळते, दिवस मात्र मिळत नाही. विडी वळणारीची मजुरी हजारी विड्यांवर, यंत्रमाग कामगाराची मालावर. सकाळी केस पेपर, मग समुपदेशन, मग औषधाची खिडकी. त्या दिवशीची पाने-तंबाखू घरी तशीच राहते. करमाळा-सांगोल्याहून येणाऱ्याचा प्रवासही त्यात धरावा. स्थिर रुग्णाला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे, ही या खर्चावरची सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणावी लागेल. लपवण्याचाही खर्च असतो: ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून जवळचे केंद्र सोडून लांबचे गाठणारे रुग्ण सगळीकडेच आढळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एआरटीच्या रांगेत उभे राहण्याची भीती मात्र कायद्याने जात नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. अट कुटुंबाच्या २१ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची. गोळ्या लागू पडून माणूस मागावर परतला, की पहिल्या काही महिन्यांतच तो या मर्यादेबाहेर जातो.